उशिराची चिठ्ठी

मिस्त्रींनी फिल्टरवरचा नट अर्धा आटा सैल केला आणि हातपंप दाबायला सुरुवात केली. आधी नुसता फेस आला, मग फेस आणि डिझेल, आणि बऱ्याच वेळाने निखळ डिझेल. त्यांनी नट आवळला, चिंधीला हात पुसले आणि स्टिअरिंगवर बसलेल्या ड्रायव्हरबाईंना खूण केली. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा धुराचा लोट सोडून सुरू झाली.

"झाली की हो, मिस्त्रीकाका!"

"लगेच हुरळू नका," मिस्त्री म्हणाले. "तिला ऐकू जातं."

सतरा नंबरच्या मार्गावर धावलेल्या मिनीबसपैकी ही शेवटची. डेपोत तिला सगळे खोकलीच म्हणायचे. कित्येक वर्षं ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती आणि उद्या भंगारात जाणार होती. त्याआधी जुन्या माणसांना एक फेरी मारू द्यावी असं डेपोच्या साहेबांच्या मनात आलं. जुन्यांपैकी कोणाचे गुडघे आडवे आले, कोणाचे डोळे. आले ते एकटे मिस्त्री, आणि त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण.

ताईला आणायला कारण होतं. चौतीस वर्षं मिस्त्री एक खोटं पोटात घेऊन वावरत होते आणि त्या खोट्यात ही गाडी होती. उद्या गाडीच राहणार नव्हती. ताईला खरं सांगायचं तर आजच, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं होतं.

खोकलीचं दार सोडलं की आपोआप मिटायचं. चढणाऱ्यासाठी कोणीतरी ते धरून उभं राहावं लागे. मिस्त्रींनी ते धरलं आणि ताई एकेक पायरी घेत वर चढली.

"अजून तस्संच आहे का रे हे मेलं दार?"

"सगळं तसंच आहे," मिस्त्री म्हणाले.

या गाड्यांनी एके काळी लोकांच्या नाकी नऊ आणले होते. उन्हात तापल्या की बंद, पावसात भिजल्या की बंद, आणि ऊनही नाही, पाऊसही नाही, अशा दिवशी उगाचच बंद. पाण्याच्या टाकीच्या चढावर तर नेहमीच्या प्रवाशांच्या धक्का मारायच्या जागाही ठरलेल्या होत्या. हेडमास्तर उजव्या कोपऱ्याला, कंपाउंडर डाव्या, आणि मधली जागा नवख्याला, कारण धूर तिथेच यायचा. शेवटी लोकांच्या नोकऱ्यांवर गदा यायला लागली तेव्हा डेपोने पिवळ्या चिठ्ठ्या छापल्या. गाडी मार्गात नादुरुस्त झाल्याने या प्रवाशाला उशीर झाला, एवढाच मजकूर, आणि खाली कंडक्टरचा पंच. ती चिठ्ठी पुढे केली की कुठलाही साहेब तोंड उघडत नसे.

मिस्त्रींचे बाबा घड्याळजी होते. आपला मुलगा या गाड्यांचा मिस्त्री झाला हे त्यांच्या पचनी पडलं नाही. एकदा भरल्या दुकानात ते म्हणाले, "मी लोकांची वेळ दुरुस्त करतो आणि आमचे चिरंजीव ती बिघडवतात." सगळी गिऱ्हाइकं हसली. चेष्टाच होती ती, आज मिस्त्रींना कळत होतं. तेव्हा मात्र ती फार लागली होती. डेपोजवळ खोली घेऊन ते वेगळे राहिले आणि वर्षभर घरी फिरकले नाहीत.

मग एका दुपारी डेपोत ताईचा फोन आला. बाबांचं काही खरं नाही, सारखं तुझंच नाव घेतायत, चारच्या गाडीने नीघ. चारची गाडी म्हणजे हीच खोकली, समोरच उभी होती. मिस्त्रींनी तिला सुटताना पाहिलं आणि दुसऱ्या गाडीचं काम उरकायला ते पुन्हा तिच्याखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरले. आधी बाबांनी एक शब्द टाकायला हवा होता, मग मी आपण होऊन गेलो असतो, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. तासाभराने त्यांना राहवेना, म्हणून त्यांनी पुढची गाडी धरली. ते पोहोचले तेव्हा बाबांना जाऊन थोडाच वेळ झाला होता.

खिशात पिवळी चिठ्ठी होती. स्टोअरच्या खणातून उचललेली, आपल्याच हाताने पंच केलेली. ताईने ती वाचली, घडी केली आणि जमलेल्यांना सांगितलं, "गाडी बंद पडली होती त्याची." तेव्हापासून सगळे नातेवाईक त्या गाड्यांना शिव्या घालत आले आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकत आले. ज्या गाड्यांनी पोटाला घातलं, त्यांच्याच माथी त्यांनी हे मारलं होतं.

खोकली टाकीच्या चढाला लागली. ड्रायव्हरबाईंनी गिअर बदलला.

"ताई, त्या दिवशीचं बोलायचं होतं. बाबा गेले त्या दिवशीचं."

"बोल."

"गाडी बंद पडली नव्हती. मी तिच्यात बसलोच नाही. चिठ्ठी मीच पंच केली."

इंजिन आज एकदाही अडखळलं नाही.

"माहीत आहे, बाळ्या," ताई म्हणाली. "मी तुला घ्यायला स्टॉपवर आले होते. साडेचारच्या ठोक्याला आली ही. जन्मात पहिल्यांदा वेळेवर आली असेल. सगळे उतरले, तरी मी आत चढून मागच्या सीटपर्यंत बघून आले."

मिस्त्री तिच्याकडे वळले.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? घरी गेले तर बाबांनी विचारलं, आला का? काय सांगायचं रे त्यांना? म्हटलं, गाडी चढावर बंद पडलीय. तो चालत निघालाय." ताईने पदराने डोळे टिपले. "तू चिठ्ठी पुढे केलीस तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तुझं नि माझं खोटं एकच निघालं होतं."

"बाबा चिडले का?"

"छे. हसले. म्हणाले, गाडीच्या नादी न लागता पायी येतोय ना, मग आज वेळेवर येईल. दार उघडं ठेव म्हणाले. शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून पडून होते."

मिस्त्रींनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. मग ते उठले आणि त्यांनी घंटीची दोरी ओढली.

"काय झालं काका?" ड्रायव्हरबाईंनी ब्रेक दाबत विचारलं. "बंद पडतेय का?"

"नाही. छान चाललीय. तुम्ही पुढे व्हा."

ताईने का म्हणून विचारलं नाही. मिस्त्री उतरले. त्यांच्या मागे दार आपोआप मिटलं आणि खोकली कुरकुरत चढाच्या पलीकडे दिसेनाशी झाली.

अर्धा चढ उरला होता. गाडीत बसून तो कधी एवढा मोठा वाटला नव्हता. त्या दिवशी बाबांच्या डोळ्यांसमोर आपण हाच रस्ता तुडवत होतो, हे त्यांच्या मनातून जाईना. चालता चालता त्यांना रडू फुटलं, आणि रस्त्यात कोणी नसल्यामुळे त्यांनी ते आवरलं नाही.

माथ्यावर ते दम खायला थांबले. खाली त्याच स्टॉपवर खोकली उभी होती, इंजिन चालूच. ताई पायरीवर उभी राहून दोन्ही हातांनी दार उघडं धरून होती. ड्रायव्हरबाई तिला काहीतरी विचारत होत्या आणि ती मानेनेच चढाकडे दाखवत होती.

तिचे हात भरून येतील म्हणून मिस्त्री गुडघ्यांची पर्वा न करता भराभर उतरू लागले.