मिशांचा वॉर्ड

भिंगरीचा बाबा न्हावी. हात इतका हलका, की दाढी करून घेता घेता गिऱ्हाईक घोरायला लागायचं. पण त्याचा जीव अडकला होता रंगभूषेत. नटांना दाढ्या लावाव्यात, तरण्याताठ्या माणसाला म्हातारा करून टाकावं, हे त्याचं जुनं वेड. एका नाटक कंपनीनं त्याला बोलावलंही होतं. नेमका त्याच आठवड्यात सात वर्षांच्या भिंगरीला ताप आला, तो उतरेचना. रक्ताचा कर्करोग निघाला. बाबानं कंपनीला नकार कळवला आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

इस्पितळात औषधांनी केस गळायला लागले तेव्हा लेकीचं डोकं त्यानंच भादरलं. दोन मिनिटांच्या कामाला त्यानं अर्धा तास लावला. भिंगरीनं मात्र आरशात निरखून पाहिलं.

"बाबा, आता मिशी लाव."

"काय लावू?"

"मिशी! नुसतं टक्कल बावळट दिसतं."

आईला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

"कातडीला डिंक-बिंक लावायचा नाही हं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "मास्कवर शिवा हवी तर."

झालं! बाबानं कागदावर मिशा काढल्या, शिवणकाम करणाऱ्या आईनं त्या कापडातून कापून, उकळून मास्कवर शिवल्या. भिंगरीला झुपकेदार मिळाली. शेजारच्या खाटेवरची मुलगी हटून बसली, "मला टोकदार!" चार दिवसांत अख्ख्या वॉर्डाला मिशा फुटल्या. नर्सताई सुई घेऊन आल्या की भिंगरी मिशीला पीळ देऊन म्हणायची, "हं, टोचा!" आणि टोचल्यावर मिशीसकट भोकाड पसरायची.

काही महिन्यांनी तपासणीचा निकाल यायचा त्या सकाळी डॉक्टरीणबाई स्वतःच गलमिशा लावून आल्या. आईबाबांना काही सुचेना. हसावं की घाबरावं?

"रक्तात आजाराचा मागमूस नाही," गलमिशांमागून आवाज आला. "गोळ्या अजून दोन वर्षं. पण आज घरी जा."

आईनं भिंगरीला उराशी कवटाळलं. बाबानं आनंदाच्या भरात शिपायाला मिठी मारली, मग दुसऱ्या शिपायाला, मग सलाइनच्या खांबाला.

"अहो, खांब सोडा आणि ऐका," आई डोळे पुसत म्हणाली. "मी तुमच्या मिशांचे फोटो नाटक कंपनीला पाठवलेत. सोमवारी बोलावलंय."

"अगं, पण दुकान? हिची औषधं?"

"दुकान सकाळी, तालीम संध्याकाळी, औषधं माझ्याकडे. आणखी काही?"

बाबानं खांब सोडला.

सोमवारी तालमीच्या हॉलमध्ये त्यानं एका धिप्पाड नटाला पांढरीशुभ्र दाढी चिकटवली आणि मागे सरकला. सगळे वाहवा करत असताना उघड्या खिडकीशी बसलेली भिंगरी ओरडली, "बाबा, तिरकी लागलीये!"

खरंच तिरकी होती.