सत्तावीस नंबरची ट्रॉली

धरमकाट्यापासून ऑफिसपर्यंत सव्वादोनशे पावलं होती. त्र्यंबकच्या गुडघ्यांना ती तोंडपाठ झाली होती.

वारासिवनी रस्त्यावरच्या त्या राईस मिलमध्ये तो अकरा वर्षं काट्यावर होता. धानानं भरलेली ट्रॉली आली की वजन काट्याच्या कॉम्प्युटरात टाकायचं, चिठ्ठी लिहायची आणि ती ऑफिसात नेऊन हिशेब ठेवणाऱ्या राजूच्या कॉम्प्युटरात पुन्हा चढवून घ्यायची. ट्रॉली रिकामी होऊन परतली की तीच यात्रा पुन्हा. अकराच्या खेपेला कँटीनमधून राजूची चहाची केटलीही तोच उचलायचा. दोन सॉफ्टवेअरं एकाच आवारात, पण अबोला धरलेल्या जावांसारखी. मधे निरोप्या लागायचाच.

म्हणून ही दोन सॉफ्टवेअरं जोडायला नागपूरहून ऋता आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला.

"काका, दोन्ही सॉफ्टवेअरांना एकेक खिडकी ठेवलेली असते," ती म्हणाली. "एपीआय म्हणतात तिला. ठरलेल्या रीतीनं मागितलं की ठरलेलंच मिळतं. त्या दोन खिडक्या जोडल्या की वजन आपोआप तिकडे."

"म्हणजे मले जायचं काम नाही?"

"नाही."

नोकरीची तीन वर्षं उरली होती. ती बसून जावीत, एवढंच त्याला हवं होतं. पण मालक वीरेंद्रशेठ एकच बोलले, "शनिवार तक देखेंगे. नहीं तो पर्ची ही ठीक है."

गुरुवारी खिडक्या जोडल्या. दुपारीच राजू हातवारे करत काट्यावर आला.

"काका, एका ट्रॉलीत उणे चार क्विंटल धान दाखवून राह्यलं! म्हणजे ट्रॉलीवाल्यानं आपल्यालेच लुटलं का?"

ऋतानं यादी पाहिली. "काका, या एक्केचाळीस गाड्यांचा नंबर ११११ कसा?"

निम्म्या ट्रॅक्टरांना नंबरपाटीच नव्हती आणि काट्याचं सॉफ्टवेअर नंबराशिवाय पुढं सरकत नव्हतं. म्हणून त्र्यंबकनं पहिल्याच वर्षी चार एक ठोकले होते, ते आजतागायत. कोणती ट्रॉली कोणाची, हे तो तोंड पाहून ओळखायचा आणि ऑफिसात राजूला सांगायचा. आता सांगणारा मधून गेला. तिकडच्या सॉफ्टवेअरनं एक्केचाळीसही ट्रॉल्या एकच धरल्या आणि एकाच्या भरल्या वजनातून दुसऱ्याचं भरलेलं वजनच रिकामं समजून वजा केलं.

"चूक माहीच हाय, पोरी. मले वाटलं, तो रकाना नुसता भराचा अस्ते."

"खिडकीतून तोंड जात नाही, काका. नंबरच जातो."

शुक्रवारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन त्र्यंबक रांगेतल्या एकेका ट्रॉलीवर नंबर टाकत निघाला. चालणं थांबावं म्हणून त्या दिवशी तो आठवडाभराचं चालला.

"तेरा नोको, बाबूजी," किरनापूरचा भैयालाल आडवा आला. "पोरीचं लगन हाय."

"मंग चौदा घे. तेरा मीच ठेवतो माह्या गुडघ्यावर."

संध्याकाळी कटंगीच्या नथ्थूला त्याची कीव आली. "काका, सत्तावीस ना? बसा तुम्ही. आमचा नंबर मीच टाकतो." त्र्यंबकनं ब्रश दिला आणि बसला.

शनिवारी तीनपर्यंत सगळी वजनं बिनचूक गेली. मग राजूचा फोन आला: पुन्हा उणे आकडा. त्र्यंबक उठला, आवारात गेला. नथ्थूच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. सत्तावीस आणि सत्तावीस.

"काहून बे नथ्थू, दोन्हीवर एकच?"

"एकाच घरच्या हायत ना, काका. येगळा नंबर कायले?"

हसावं की कपाळ बडवावं, त्र्यंबकला कळेना. अठ्ठावीस रांगेतल्या पुढच्या चैतरामला देऊन झाला होता. त्यानं दुसऱ्या ट्रॉलीवर सत्तावीसच्या आधी एकचा आकडा काढला. झाले एकशे सत्तावीस. दोन्ही ट्रॉल्या पुन्हा काट्यावर घेतल्या.

पाचपर्यंत एकसष्ट वजनं गेली, एकही उणं नाही. वीरेंद्रशेठनी पडदा पाहिला, म्हणाले, "चलने दो." ऋतानं नागपूरची बस धरली.

सोमवारी फोन वाजला.

"काका, वजनं एकदम बरोबर येऊन राह्यली," राजू म्हणाला.

"हौ."

"पण अकरा वाजून गेले. केटली काहून नाही आली?"

त्र्यंबकनं दोन्ही पाय रंगाच्या डब्यावर ठेवले.

"खिडकीतून मागून पाहा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.