नोंदवहीचे मागचे पान

माझ्या बैठकीच्या भिंतीवर बावीस वर्षे एक पितळी पाटी लटकत होती. आरोग्य खात्याने मला दिलेली. माझ्या हातून जन्मलेल्या प्रत्येक मुलाची खबर मी मुदतीत नोंदणी कार्यालयात पोहोचवली, असे तिच्यावर कोरलेले होते. आलेल्या पाहुण्याने ती आपणहून वाचली नाही, तर मी त्याला अशा खुर्चीवर बसवत असे की वाचण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

ती मुलगी मात्र त्याच खुर्चीवर बसूनही भिंतीकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. वय चोवीसच्या आसपास, हात कोपरापर्यंत लालसर, नखे कातडीपर्यंत कापलेली. रुग्णालयाच्या धुलाईखान्यात ती चादरी वाळवून, घड्या घालून विभागांकडे पाठवत असे. मुकादमबाईंनी तिला तीन वर्षांपूर्वी नुसत्या तोंडओळखीवर कामाला घेतले होते. आता नवे व्यवस्थापक आले होते आणि महिनाअखेरपर्यंत ओळखपत्र न दाखवणाऱ्याला काम नाही, असा त्यांचा हुकूम होता. तिची राहण्याची खोली त्या कामाबरोबरची. एकोणीस दिवस उरले होते.

ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला हवा. जन्माची नोंदच नसेल तर शाळेचा दाखला हवा. ती शाळेत कधी गेलेली नव्हती. वडिलांनीच घरी लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवले होते. मग आईवडिलांचे निवेदन आणा, असे कार्यालयाने सांगितले. त्यासाठी ती तीन वर्षांनी आपल्या घरी गेली. वडिलांनी फळीवरचा रंधा थांबवलासुद्धा नाही. ते म्हणाले, तू तुझ्या मर्जीने घर सोडलंस, तर तू कुणाची ते आता त्या सरकारलाच विचार. आई पुढे आलीच नाही. परतताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेवढे एक वाक्य ऐकू आले: सुईणबाईंकडे जा.

“कार्यालयात म्हणाले, जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसानं शपथेवर लिहून दिलं तरी चालेल,” ती मला म्हणाली. “दोन साक्षी लागतात. एक तरी हजर असलेली. तुम्ही होतात ना?”

रंधा म्हणताच मी तिला ओळखले होते. गावाबाहेरच्या सुताराची थोरली. हनुवटी हुबेहूब आईची.

नोंदवही पाहून येते, असे सांगून मी आतल्या खोलीत गेले. माझ्या नोंदवहीची एक रीत आहे. पुढून लिहिलेल्या प्रत्येक जन्मासमोर तांबडी खूण असते. म्हणजे त्याची चिठ्ठी कार्यालयात गेली. वही उलटी धरून मागून उघडली, तर एकाच पानावर चार नोंदी आहेत आणि त्यांच्यासमोर खूण नाही. चारही सुताराच्या घरच्या. मी पलंगावर बसून त्यातली पहिली वाचली. मुलगी. दुपारी सव्वातीन. वजन साडेपाच पौंड. रडायला वेळ लावला.

सुताराच्या मते सरकारच्या वहीत नाव चढले की माणूस सरकारच्या मालकीचा होतो. त्याची बायको नऊ महिन्यांची गरोदर असताना तो माझ्याकडे आला होता आणि कार्यालयात चिठ्ठी न देण्याचा माझ्याकडून शब्द मागितला होता. शब्द दिला नाही, तर कुठलीच सुईण उंबरा ओलांडणार नाही, बायको एकटी बाळंत होईल, असे त्याने अगदी शांतपणे सांगितले होते. तसे करणाऱ्यातला तो माणूस होता. मी शब्द दिला, त्या बाईसाठी दिला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज आहे ती पुढची. बाळंतपण सुखरूप उरकल्यावर मी कार्यालयात जाऊ शकले असते. दोन वर्षांनी ती पाटी हातात घेताना नकार देऊ शकले असते. मी व्यासपीठावर गेले, पाटी घेतली आणि त्यानंतरही त्या घरची आणखी तीन बाळंतपणे मागच्याच पानावर लिहिली.

बाहेर येऊन मी तिला सांगितले की इतक्या जुन्या वह्यांना वाळवी लागली आणि मला आता काही आठवत नाही.

तिने वाद घातला नाही. “बरं,” एवढेच म्हणाली आणि उठली. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आले की मी आत असताना तिने शेजारच्या बाकावर पडलेल्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. कुणी सांगितले नव्हते. रिकाम्या हातांनी बसायची सवयच नसावी.

ते कपडे उचलायला माझी थोरली सून आली. एकतीस वर्षे या घरात आहे. माझ्यापुढे आवाज चढवण्याची तिची पद्धत नाही आणि मला ती खपणारही नाही.

“आई, वाळवी कुठल्या कपाटाला लागली?” तिने विचारले. “सांगा, म्हणजे औषध मारून घेते.”

मी म्हटले, तुझं काम कर. ती घड्या मोजल्यासारखे करत राहिली. मग म्हणाली, “तेव्हा सुताराच्या घरी तुमची पिशवी माझ्याच हातात होती. तुम्ही बाळाच्या पाठीवर थोपटत होतात आणि मी दाराशी उभी राहून मनात म्हणत होते, रड गं बाई एकदाची. मला तर सगळं आठवतंय.”

औषध मारण्याची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही, पण सूनबाई येताजाता माझ्या कपाटाकडे अशी पाहायची, की तिसऱ्या दिवशी मीच तिला म्हटले, चप्पल घाल, धुलाईखान्यात जायचंय.

धुलाईखान्यात वाफेने समोरचे माणूस दिसत नव्हते. ती मुलगी आणि आणखी एक बाई एका चादरीची दोन टोके धरून झटकत होत्या. मला पाहून तिने आपले टोक सोडले नाही. घडी पूर्ण केली, चळतीवर ठेवली, मगच आली. मी म्हटले, वही सापडली. वाळवीबद्दल तिने विचारले नाही, पण तो प्रश्न तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

नोंदणी कार्यालयातला कारकून माझ्याच हातावर जन्मलेला. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली. उघडलेले पान त्याने दोनदा वाचले, उलटी वही सरळ करून पाहिली आणि मग त्याचा चेहरा पडला. जन्माची खबर एकवीस दिवसांत देणे हे माझे कर्तव्य होते. ती का दिली नाही, हे निवेदनात लिहावे लागणार होते. त्याने आवाज खाली आणला.

“आजी, असं करू या. चिठ्ठी तुम्ही पाठवली होती, ती वाटेत गहाळ झाली, असं लिहू. तुमच्यावर काही येणार नाही.”

“मग हिचा दाखला कधी?”

तो घुटमळला. गहाळ म्हटले की आवकजावक नोंदी तपासाव्या लागतात, वरून चौकशी लागते. पाचसहा महिने तरी. आणि मी खरे लिहिले तर? तर निवेदन थेट साहेबांपुढे जाईल आणि दहा दिवसांत काम होईल, पण तुमच्याविषयी स्वतंत्र पत्र खात्याकडे जाईल, असे तो म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे न पाहता शिक्क्याच्या डबीकडे पाहत होता.

मी सही करणारी बाई आहे, अंगठा उठवणारी नाही. कागद ओढला आणि माझ्या अक्षरात लिहिले की जन्माची मला माहिती होती, खबर मी जाणूनबुजून दिली नाही, वडिलांना दिलेल्या शब्दापायी दिली नाही. सूनबाईने दुसरी साक्ष म्हणून खाली सही केली. मुलगी माझ्या खांद्यामागे उभी राहून एकेक ओळ वाचत होती. वडिलांनी वाचायला चांगले शिकवले होते.

“म्हणजे मी आले त्या दिवशीही तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“होतं.”

ती जिन्याकडे वळली. चिडली असती तर बरे झाले असते. चार कडू शब्द ऐकून घेण्याची मी तयारी करून गेले होते. जिन्यावर मी तिला सव्वातीनची वेळ सांगितली, वजन सांगितले. तिने ते मान खाली घालून ऐकले आणि विचारले, “वार कुठला होता?” मी सांगितला. आभार तिने मानले ते सूनबाईचे.

दाखला बाराव्या दिवशी मिळाला, ओळखपत्राची पावती पंधराव्या. महिनाअखेरीस व्यवस्थापकांनी ओळखपत्राऐवजी पावती चालवून घेतली. तिचे काम राहिले, खोली राहिली. हे मला मुकादमबाईंकडून कळले. त्याच सुमारास खात्याचे पत्र आले. पाटी परत करावी, आणि सर्व नोंदवह्या तपासणीसाठी हजर कराव्यात. पाटी मीच उतरवली. मुलगा म्हणाला, आई, राहू दे, कोण विचारायला येतंय? त्याला मी गप्प केले.

दोन महिन्यांनी ती पुन्हा आली. आली ती सरळ त्याच खुर्चीवर बसली. ओळखपत्र तिने टेबलावर माझ्यासमोर ठेवले, मला दाखवायला म्हणून नव्हे. त्यावरचा क्रमांक मला उतरवून घेता यावा म्हणून.

“माझी धाकटी बहीण पुढच्या महिन्यात अठराची होईल,” ती म्हणाली. “घरातून निघणार आहे. तिच्या वेळी मी सात वर्षांची होते. गरम पाणी मी आणून देत होते, तुम्ही मला ओरडला होतात, सांडलं म्हणून.”

मला ते सांडलेले पाणी आठवत होते.

“तेव्हा दुसरी साक्ष मी, साक्षीदाराचा क्रमांक हा,” ती म्हणाली. “पहिली तुम्ही द्यायची.”

आजवर या घरात मला ‘द्यायची’ असे कुणी म्हटले नव्हते. वह्या तपासणीला गेलेल्या होत्या. ते पान मात्र मी देण्यापूर्वी उतरवून ठेवले होते. मी तो कागद काढला. चौथी ओळ वाचली, आणि मग दुसरी आणि तिसरीही, तिच्या दोन्ही भावांची. ते अजून त्या घरातच होते आणि निघतील की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हते.

मी सूनबाईला हाक मारून लेखणी आणि तीन कोरे कागद मागवले आणि मुलीला म्हटले, क्रमांक सावकाश सांग.