पैलकाठाची जागा

नदीपलीकडच्या वस्तीला नगरपालिकेत स्वतःचा सदस्य कधीच नव्हता. वस्तीचे तीन तुकडे करून ते शहरातल्या तीन प्रभागांच्या शेपटाला बांधलेले. सदस्यांची खरी मतं अलीकडे, म्हणून रस्ते, दिवे, नळ सगळं अलीकडेच. पूल मागायला गेलं की प्रत्येक जण हात झटकायचा, "तुमची चार घरं माझ्याकडे. बाकीच्यांना विचारा!"

वस्तीतल्या दवाखान्याची नर्सबाई हे ऐकून विटली होती. बाळंतीण अडली की तिला होडीत घालून न्यावं लागे, आणि पूर असला की तेही नाही. प्रभागांच्या सीमा नव्याने ठरणार असं कळताच ती घरोघर फिरली आणि सुनावणीला अख्खी वस्ती घेऊन गेली.

"आमचे तुकडे करू नका," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "एकत्र ठेवा. पुढचं आमचं आम्ही बघतो."

वस्तीचा एक प्रभाग झाला. नर्सबाईनेच उभं राहायचं, यावर सगळ्यांचं एकमत. मान डोलावली नाही ती फक्त तिच्या नवऱ्याने. तो नावाडी.

"पूल झाला की मी काय करायचं?" त्याने जेवताना विचारलं.

"मलाही सुचत नाहीये. पण अडलेल्या बाईला तुझ्या होडीत चढवताना माझा जीव कसा टांगणीला लागतो, ते तू बघितलंयस."

तो अर्ध्या जेवणावरून उठला. मतदानाच्या दिवशी मात्र उजाडायच्या आत नदीवर गेला आणि शहरात कामाला असलेल्या मतदारांना दिवसभर फुकट आणत राहिला. "आमच्या हिला निवडून द्यायचंय, लवकर बसा!" संध्याकाळपर्यंत त्याचे तळवे सोलवटले होते.

ती दणक्यात निवडून आली. सभागृहात अध्यक्षांचा गट आणि विरोधक बरोबरीत, त्यामुळे अंदाजपत्रक येऊन अडलं ते तिच्या एका मतावर.

अध्यक्ष गोड हसले. "ताई, तुमच्याकडे छानसं कारंजं बांधून देतो."

"पाणी आमच्याकडे भरपूर आहे, साहेब. ते ओलांडायचंय. पूल मंजूर करा, माझा हात वर. नाहीतर तो मांडीवरच बरा आहे."

विरोधकांनीही तिला बाजूला घेतलं. त्यांनाही तिने हेच ऐकवलं. शेवटी पूल अंदाजपत्रकात आला आणि तिचा हात वर गेला. प्रेक्षकांच्या सज्जातून नावाड्याने अशी शिट्टी मारली की पहारेकरी धावत आला.

"अहो, बायको आहे माझी ती!" नावाडी म्हणाला. घरी जाताना त्याने तिला सांगितलं, "मी मासेमारी करीन. नदी काही कोणी उचलून नेत नाही."

पूल खुला झाला त्या दिवशी फीत कापायला कोणी थांबलंच नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळी वस्ती नाचत शहरात शिरली.

आठवड्याभरात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टेकडीमागची काही माणसं पूल ओलांडून तिच्या दारात आली. "बाई, आम्हालाही असंच प्रभागांत वाटून टाकलंय. काय करायचं?"

तिने खुर्च्या पुढे ओढल्या. नवरा आत जाता जाता म्हणाला, "मी चहा टाकतो. तोवर पुढच्या सुनावणीला कोणाकोणाला न्यायचं, ते ठरवा."