चिमणीतली अन्नपूर्णा

नवरात्राच्या पाचव्या माळेला दिवेलागणीला गुणाबाईंच्या स्वयंपाकघरात देवी प्रकटली आणि सहाव्या माळेला सकाळी निम्म्या नायगावच्या चपला त्यांच्या अंगणात येऊन पडल्या. बायकांच्या हातात नारळ, बाप्यांच्या हातात मोबाइल आणि झाडून सगळ्यांच्या माना वर. वर काय, तर चिमणी! गॅसच्या ओट्यावर भिंतीला लटकवलेली, बटण दाबलं की धूर ओढणारी, काळ्या काचेची विजेची चिमणी. तिच्या पोटातून दर चार-पाच मिनिटांनी मधाच्या रंगाचा एक थेंब लोंबायचा, जरा विचार करायचा आणि बरोबर खालच्या घटावर पडायचा.

"पडला, पडला!" गर्दी ओरडायची.

"मध हाय वो, मध!" शेजारच्या उमाबाई दर्शनाची रांग लावत होत्या. हे काम त्यांना कोणी दिलं नव्हतं, म्हणून त्या ते फार मन लावून करत होत्या. "वास तर घ्या. तळल्यावानी वास येऊन राहिला. देवीनं फुलोरा खाल्ला, त्याचा ढेकर हाय ह्यो."

सगळं नायगाव पुढचे चार दिवस जे बोललं त्यात खऱ्याच्या सगळ्यात जवळचं वाक्य हेच होतं. पण ते कोणी तपासलं नाही.

दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या आरतीला मात्र तो थेंब पाहून घाम फुटला होता. आरती म्हणजे गुणाबाईंची सून, गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवणारी. थेंब कशाचा आहे, हे तिला पहिल्या क्षणी कळलं होतं. आठ महिने ती म्हणत होती, "या रविवारी चिमणी साफ करते." आठ महिन्यांत रविवार पस्तीस आले आणि पस्तीसही गेले. आता शंभर बायकांसमोर खरं सांगायचं म्हणजे "बायांनो, ही देवी नाही, हा माझा आळस आहे" असं सांगायचं. ज्या घरात सुनेच्या कढईचं बूड किती काळं आहे यावर बैठक बसते, त्या घरात देवी निघालेली परवडते, चिकटा निघालेला परवडत नाही. आरती गप्प बसली. तिचं चुकलंच.

घट चिमणीखाली गेला कसा, तेही सांगितलं पाहिजे. आपल्याकडे घटावर फुलोरा बांधतात. कडाकण्या, करंज्या तळायच्या, दोऱ्यात ओवायच्या आणि देवीच्या डोक्यावर टांगायच्या. जुन्या घरात त्याला छताला कडी होती. नव्या घराचं छत वैजनाथनं, म्हणजे आरतीच्या नवऱ्यानं, हौसेनं पांढऱ्याशुभ्र पीओपीचं करून घेतलेलं. "ह्याला भोक पाडू देणार न्हाई," तो म्हणाला. मग गुणाबाईंनी तोडगा काढला. ओट्यावरचा गॅस हातभर सरकवला, चिमणीखाली घट बसवला, शेजारी अखंड दिवा लावला आणि फुलोरा बांधला थेट चिमणीच्या दांडीला. दोन दिवस कढई उतरली नव्हती. आणि घट एकदा बसला की नऊ दिवस हलवायचा नाही, हे तर लेकरालाही माहीत असतं.

सहाव्या माळेला दुपारी धूपनाथ महाराज आले. देगलूरकडून आले म्हणे. अंगात भगवी कफनी, हातात मोरपिसांचा झाडू, पायात मात्र कोरे करकरीत बूट. त्यांनी थेंब बोटावर घेतला, डोळे मिटले.

"अन्नपूर्णा हाय! खुद्द!" ते गरजले. "हिमालयात बारा वर्सं एका पायावर हुबा राहिलो, तितं दिसली न्हाई. नायगावात दिसली. सगळे बाहीर व्हा. मला मातेशी एकट्याला बोलायचं हाय."

अर्धा तास स्वयंपाकघराचं दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा महाराजांचा चेहरा उजळलेला होता.

"माता पाच खुणा देणार. पहिली दिली, अमृत. दुसरी आज. तिच्या कपाळावरचं जुनं कुंकू दुधानं पुसा, तिसरा डोळा उघडंल."

चिमणीच्या कपाळावर कुंकू होतं खरं. गेल्या दसऱ्याला शिलाईमशीन, मोटारसायकल आणि मिक्सरबरोबर आरतीनंच चिमणीचीही पूजा केली होती. हळदीकुंकवाचा चांगला जाड टिळा लावला होता. गुणाबाईंनी दुधाच्या बोळ्यानं तो पुसला. खाली लाल डोळा लुकलुकत होता!

स्वयंपाकघरात जो कल्लोळ झाला त्यात दोन नारळ तिथल्या तिथे फुटले आणि एक वैजनाथच्या पायावर पडला. तोही लंगडत "माते, माते" करू लागला. छताला भोक पाडू न देणारा हाच तो माणूस.

सातव्या माळेला महाराज म्हणाले, "माता आज हुंकार देणार." संध्याकाळी चिमणी लावली, तर नेहमीच्या घुर्रच्या जागी ती घों-घों करत थरथरू लागली. बाया घुमू लागल्या. चिमणी घुमतेय म्हणून बाया घुमतायत की बाया घुमतायत म्हणून चिमणी, कळेना. उमाबाईंनी तर चिमणीला खणच चढवला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गुणाबाईंना दमा होता. त्यांच्या कनवटीला कायम पंप असायचा. श्वास अडकला की दोन वेळा ओढायच्या, पाच मिनिटं बसायच्या, की पुन्हा कामाला. सातव्या माळेला महाराजांची नजर त्या पंपावर गेली.

"दारात अमृत आन् हातात बाटली? मातेचा अपमान! ते ठिव घटापाशी. तीन टाइम तीन थेंब घे. दमा पळतो का न्हाई बघ!"

गुणाबाईंनी पंप घटाशेजारी ठेवला आणि हात जोडले. आरती पुढे झाली. "आई, असं करू नका. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरनं पंप दिला, पोरी. देवी स्वता आलीया. कोनाचं ऐकू?"

"माय, तू ऐक महाराजाचं," वैजनाथ म्हणाला.

आठव्या माळेला दुपारी गुणाबाई भिंतीला धरून बसल्या. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि शब्द तुटत होते. तरी पंप घेईनात. "उद्या... होम हाय. महाराज म्हनले, घराची दारं-खिडक्या लावून... मी होमापाशी बसले की... कायमचं जाईल."

बंद खोली, होमाचा धूर, चोंदलेली चिमणी आणि पंप घटापाशी. आपला आळस झाकायला आपण गप्प बसलो आणि ही बाई त्यापायी जीव देईल, असं आरतीला स्पष्ट दिसलं. तिला स्वतःचा संताप आला.

बाहेर अंगणात महाराज भक्तांना खुणा मोजून सांगत होते. "पैली अमृत, दुसरी डोळा, तिसरी हुंकार, चौथी..." इथे ते अडले. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला, डोळे वर केले, पुन्हा "पैली अमृत" पासून सुरू केलं आणि मग चौथी आठवली. "धूर! माता धूर घेणार न्हाई, घरातच ठिवणार."

आरती तिथेच थबकली. चौदा वर्षं ती तोंडी परीक्षा घेत होती. मधूनच अडलं की पहिल्यापासून सुरू करणारं पोर उत्तर समजून सांगत नसतं, ते पाठ केलेलं असतं. मग महाराजांनी हे पाठ केलं कुठून?

ती स्वयंपाकघरात गेली, स्टुलावर चढली. चिमणी बसवणाऱ्या माणसानं जाताना तिच्या माथ्यावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली होती, हे तिला आता आठवलं. पिशवीत माहितीपुस्तिका होती. तिच्यावर वर्षभराची धूळ, पण मधलं एक पान स्वच्छ उघडलेलं. त्या पानावर राखेचं एक ठसठशीत बोट उमटलं होतं. आरतीनं पान वाचलं आणि स्टुलावरच खदाखदा हसली. एकटीचं कोणी ऐकणार नाही, हे उद्या होमाला सगळ्या गावासमोरच वाचायचं, असं तिनं ठरवलं.

नवव्या माळेला सकाळी ओट्यासमोर होमकुंड मांडलं गेलं. खिडक्या लावल्या. गुणाबाई पाटावर, निळसर ओठांनी. महाराजांनी समिधा हातात घेतल्या.

"थांबा," आरती म्हणाली. "महाराज, चार खुणा झाल्या. पाचवी कोणती?"

"ती मातेनं फक्त मलाच सांगितलीया."

"मग सांगा की. सगळी ऐकून राहिलीत."

महाराजांनी छाती फुगवली. अंगठा पेरांवरून फिरला. "पाचवी अशी की माता बटणाला वश राहणार न्हाई! बोट लावलं तर बोट चिकटंल!"

"उमाबाई," आरतीनं पुस्तिका पुढे केली, "तुम्ही रांगेत उभ्याच आहात, जरा मोठ्यानं वाचा."

उमाबाईंनी चष्मा चढवला. "चिमणी साफ करण्याची वेळ झाली हे कसे ओळखावे? एक. तेलाचे थेंब गळू लागणे." त्या थांबल्या. वर पाहिलं. थेंब लोंबत होता. "दोन. लाल दिवा लुकलुकणे. तीन. आवाज वाढणे व थरथर होणे. चार. धूर खोलीतच राहणे. पाच..." उमाबाईंचा आवाज बारीक झाला. "पाच. बटणे चिकट होणे व न दबणे. यातील एकही खूण दिसल्यास..."

"दिसल्यास काय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"...जाळी काढून गरम पाण्यात साबण-सोड्याने धुवावी."

आधी कोणी एक हसलं. मग दोघं. महाराज म्हणाले, "शास्त्रात बी आलंय म्हंजे खरंच हाय!" पण आता त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. आरतीनं घटाला बोटही न लावता चिमणीची जाळी खेचली. खट् करून ती हातात आली आणि साऱ्या नायगावानं आपल्या देवीचं पोट पाहिलं. काळा, पिवळा, केसांसारख्या तारा धरलेला, बोटभर चिकटा!

"करडईचं तेल," आरती म्हणाली. "आपल्याच शेतातलं, घाण्याचं. तेलाच्या डब्याच्या काठाला डिंक धरतो ना? तोच हा. हळदीनं पिवळा झालाय. दोन दिवस फुलोरा तळला, तेलाची वाफ वर गेली. खाली नऊ दिवस अखंड दिवा. त्याच्या उबेनं चिकटा वितळला आणि गळाला. बघायचंय?"

तिनं गॅसवर कढई ठेवली, कडाकणी सोडली आणि वर स्टीलचं थंड ताट उपडं धरलं. जरा वेळानं ताट फिरवलं. पिवळसर तेलाचे बारीक थेंब त्याला चिकटले होते.

"आता ताटात बी देवी आली का वो?" एका म्हातारीनं विचारलं आणि घरभर हशा पिकला.

"अन् डोळा?" वैजनाथनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तो दिवा कधीचा सांगून राहिला, 'मला धुवा, मला धुवा'. मी त्याच्यावर कुंकू थापलं होतं." पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आरतीनं चिकट बटण अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं. एक, दोन, तीन. डोळा मिटला. "दिवा जळतो ती देवाची मर्जी नाही, माझी चूक आहे. आठ महिने मी चिमणी धुतली नाही. सगळ्यांसमोर सांगते."

मग ती सासूकडे वळली, घटाशेजारचा पंप उचलला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली. "आई, तुम्ही तीन दिवस जे पिऊन राहिल्या ते हे." तिनं जाळी दाखवली. "माझं चुकलं, मला शिव्या द्या. पण आधी हा ओढा."

गुणाबाईंनी जाळीकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग त्यांनी पंप घेतला, दोन वेळा ओढला आणि डोळे मिटून बसल्या. खिडक्या उघडल्या गेल्या. पाच मिनिटांनी त्यांच्या छातीचा आवाज खाली बसला, ओठांना रंग आला.

"महाराज कुठं हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

महाराज कोरे बूट हातात घेऊन फाटकापर्यंत पोचले होते. उमाबाईंनी त्यांना परत आणलं. चार दिवस रांग लावायची सवय झालेली, आता त्या रांगेत त्यांनी फक्त महाराजांना उभं केलं. "वाचता येतं न्हवं तुला? मग वाचलं तसं कर की बाबा. गरम पानी, सोडा, साबन." धूपनाथ महाराजांनी त्या सकाळी अंगणात बसून जाळी घासली. अगदी लख्ख. हिमालयातल्या बारा वर्षांत झालं नसेल एवढं लोकोपयोगी काम त्यांच्या हातून नायगावात झालं. मग पोलिसांना बोलावलं.

आता तुम्हीच सांगा, देवीनं यात कुठे फसवलं? यंत्र पाच-पाच परीनं सांगत होतं, पुस्तिकेत आपल्याच भाषेत लिहिलं होतं. आपण वाचलं नाही, आणि ज्यानं वाचलं त्याच्या पाया पडलो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकदा जाळी काढून बघावी. आणि आपली चूक कबूल करायची लाज वाटत असेल तर ती लाजही त्याच गरम पाण्यात धुऊन टाकावी, कारण बुवांचं निम्मं भांडवल आपली लाजच असते.

घराला नेम घालून दिला तो गुणाबाईंनी. दर संकष्टीला उपास, घरात तळण नसतं. त्या दिवशी चिमणीची जाळी निघते. धुतो वैजनाथ.

"मी कामून?" पहिल्या संकष्टीला त्यानं विचारलं.

"छताला भोक पाडू दिलं असतंस," गुणाबाई भरपूर श्वास घेऊन म्हणाल्या, "तर देवी चिमणीत कामून गेली असती?"