थकण्याआधी बसणारा

खुर्ची मला मिळाली नाही. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू, कारण शुक्रवारी दुपारपर्यंत ती मलाच मिळणार होती.

खुर्ची आमच्या लाँड्रीच्या काउंटरची. डोक्यावर पंखा, समोर उघडं दार. मी आतल्या खोलीत, वाफेच्या इस्त्रीपाशी, जिथे हवा उकळूनच आत येते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूकडून निघालेला निरोप पायांपर्यंत पोचताना वाटेत अडखळतो, आणि उकाड्यात तर रस्ताच विसरतो. मग येणारा थकवा झोपेने जात नाही. अंगावर ओली गादी पडावी आणि ती गादीही आपणच आहोत असं वाटावं, तसा तो असतो.

दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं की थकल्यावर नाही, थकण्याआधी बसायचं. जड काम सकाळच्या गारव्यात उरकायचं, मानेवर थंड रुमाल ठेवायचा. मी हे पाळलं आणि लाँड्रीत माझं नाव 'नवाब' पडलं. कोसळलेल्याला इथे पाणी मिळतं. कोसळायच्या आत बसलेल्याकडे मात्र सगळे असे बघतात, जणू त्याने रांगेत मध्येच घुसून तिकीट काढलंय.

काउंटरवरची मुलगी नोकरी सोडून गेली, तेव्हा मालकीणबाईंनी जाहीर केलं की आठवडाभर जो न बसता काम करून दाखवेल, त्याला खुर्ची. म्हणजे बसायची नोकरी त्यालाच, ज्याला बसायची गरज नाही. कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही; मला ती खुर्ची हवीच होती, कारण वाफेपाशी आणखी एक उन्हाळा काढला तर पाय माझं ऐकतील याची मला खात्री नव्हती. घरी ताई म्हणाली, आजाराचं सांगून टाक. मी म्हटलं, सांगितलं की खुर्ची नाही, थेट घर.

मंगळवारी डाव्या डोळ्यापुढे धुकं आलं. ती वाफच आहे, अशी मी स्वतःची समजूत काढली. गुरुवारी कॉलर कुठली आणि बाही कुठली हे विचार करून ओळखावं लागलं. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पायांची बोटं हलवून बघायचो. ताई दारातून विचारायची, "आली का रे कामावर?"

"उजवी आलीत. डावी वाटेत आहेत."

ती हसायची नाही. मीही विनोद म्हणून सांगत नव्हतो.

शुक्रवारी दुपारी पाय गेले. जमिनीवर पडलो नाही, कारण मागे हॉटेलच्या धुतलेल्या चादरींचा चाकांचा पिंजरा होता. त्यातच पडलो. चादरी गार होत्या. जरा टेकतो म्हटलं, तर वरची घडी सुटून अंगावर आली. गाडीवाल्या मामांनी नेहमीप्रमाणे पिंजरा ढकलत नेऊन गाडीत चढवला. हाक मारावी असं वाटलं, पण तो निरोपही वाटेत अडखळला.

हॉटेलच्या सामानखोलीतल्या बाईंनी चादर उचलली, मला पाहिलं आणि मालकीणबाईंना फोन लावला. "चादरी बरोबर आहेत," त्या म्हणाल्या, "पण माणूस आम्ही धुवायला दिला नव्हता."

मालकीणबाई स्वतः आल्या. मी उठायला गेलो, जमलं नाही. त्या घाबरल्या होत्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "अरे, थकला होतास तर आधीच बसायचंस ना."

"आधी थकलो नव्हतो, बाई."

मग मी त्यांना आजाराचं सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि पाठीवर हात ठेवला. "पूर्ण बरा झालास की ये," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणाल्या.

खुर्ची मामांना मिळाली. ते दिवसभर बसूनच गाडी चालवायचे, पण ते बसणं धरलं नाही.

डावी बोटं अजून वाटेत आहेत. तोवर मी मालकीणबाईंकडे अर्ज दिला आहे:

"अर्जदार पूर्ण बरा होणे संभवत नसल्याने विनंती की, त्याचा थकवा एका कामाच्या दिवसापुरता आपल्या पायांत वर्ग करण्यात यावा, त्या दिवशी आपण इस्त्रीपाशी उभे राहावे, आणि खुर्चीबाबतचा फेरनिर्णय बसण्याआधी घ्यावा."