कालव्याच्या वाटेवर मोडलेली दांडी

मित्रांनो, सायकलच्या सीटखाली असते ना, तशी मी एक जुनी दांडी आहे. खरं बोलायचं तर अर्धीच. माझा खालचा तुकडा भंगारात गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. ज्या बाईंना मी दीड वर्ष पेललं, त्यांनाच एके दिवशी मी खाली पाडलं. हे सांगताना मला अजून लाज वाटते. पण मी गप्प राहिले, तर माझ्यासारखीच एखादी दुसरी तुमच्या सायकलीला लागेल, म्हणून सांगते.

माझा जन्म लांबच्या एका शहरात, एका लहानशा शेडमध्ये झाला. पातळ पत्रा गोल वळवून माझी नळी केली, सांधा जोडला आणि मला निकलच्या टाकीत बुडवून काढलं. सांध्याची रेघ त्या चकाकीखाली झाकून गेली. शेवटी माझ्या अंगावर एक आडवी खूण कोरली. तिचा अर्थ एवढाच, की इथपर्यंत तरी दांडी सायकलच्या चौकटीत रुतलेली हवी, त्याच्या वर ओढू नये. पण ती खूण इतकी बारीक होती, की नखानं चाचपली तरच लागायची.

पुढे मी भवानीनगरला आले. साखर कारखान्याच्या रस्त्यावर हिंदुराव मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी मला दर्शनी खिळ्याला टांगलं. सकाळचं ऊन पडलं की मी आरशासारखी झळकायचे. उसाच्या गाड्यांवरची माणसंसुद्धा मान वळवून बघायची. मला वाटायचं, माझ्यासारखी मीच.

१९९४च्या पावसाळ्यात सुकन्याबाई दुकानात आल्या. त्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्स. त्यांच्या वडलांकडे एके काळी मोठा मेंढवाडा होता, पुढं मेंढरं गेली आणि शेती आली. बाई अंगानं सडसडीत आणि पावणेसहा फूट उंच. त्यांच्या उंचीनं त्यांचं लग्न अडवलं, असं लोक म्हणत. एका स्थळाकडची मंडळी तर तोंडावर म्हणाली होती, "पोरगी गुणाची हाय, पण आमच्या पोराच्या डोक्यावरनं बघती." त्यानंतर बाईंनी कांदेपोह्यांचे कार्यक्रम बंद केले, नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि इथं बदलून आल्या. गोजरबाई नावाच्या म्हातारीच्या घरामागची एक खोली त्यांनी घेतली होती. सकाळी कुलूप लावायचं, संध्याकाळी उघडायचं. मधल्या वेळात कुणी दार वाजवायला येत नसे.

त्यांनी कुणाची तरी वापरलेली लेडीज सायकल घेतली होती. ती त्यांना इतकी बुटकी पडायची, की पायडल मारताना गुडघे हँडलला लागायचे.

"मिस्त्री, सीट वर करून द्या," त्या म्हणाल्या.

हिंदुरावांनी जुनी दांडी काढून बघितली. "ही आखूड हाय बाई. लांब लागंल." त्यांनी कपाटामागून एक काळपट नळीचा तुकडा काढला. "ह्यो जाड पाइप हाय, बिनसांध्याचा. ह्याची दांडी कापून, वरचं तोंड लेथवर घासून सीटच्या मापाचं करून आणतो. चार दिवस लागत्याल."

"चार दिवस? उद्या वस्तीवर बाळंतिणीला बघायला जायचंय मला." मग त्यांची नजर माझ्यावर गेली. "ही काय वाईट आहे? हीच बसवा की. किती छान दिसते."

हिंदुरावांनी मला खिळ्यावरून काढलं आणि तळहातावर दोनदा वरखाली केलं. माझं वजन त्यांना पटलं नाही, हे मला त्यांच्या हातात कळलं. तरी त्यांनी पाना उचलला. बाईंच्या मापानं त्यांनी मला खुणेच्या चांगलं चार बोटं वर ओढलं आणि नट आवळला.

बाई सायकलवर बसल्या. त्यांचे पाय कितीतरी दिवसांनी सरळ झाले असतील. त्या चक्क हसल्या.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. आम्ही रोज पंधरा-वीस किलोमीटर फिरायचो. कधी काटेवाडीच्या अंगाला, कधी माळावरच्या वस्त्यांवर. वस्तीवरची मुलं माझ्यात तोंडं बघायची, जिभा काढायची. बाई दर आठवड्याला ओल्या फडक्यानं मला पुसायच्या. एकट्याच असल्या की सायकल चालवताना हळू आवाजात बोलायच्या. कुणाच्या बाळाचं वजन भरलं नाही, कोण आई रक्ताच्या गोळ्या खात नाही, हे सगळं त्या वाऱ्याला सांगायच्या. ऐकायला मीच होते.

पण मित्रांनो, पुसणं बाहेरून व्हायचं. पावसाचं पाणी सीटखालून माझ्या पोटात उतरायचं आणि तिथंच राहायचं. आतून मला गंज चढला. उसाच्या गाड्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला मी मागं वाकायचे आणि परत सरळ व्हायचे. हजारदा, लाखदा. आत पुरेशी रुतलेली असते, तर चौकटीनं माझा भार वाटून घेतला असता. तशी नव्हते, म्हणून सगळा ताण एकाच ठिकाणी यायचा, जिथं मी चौकटीतून बाहेर पडत होते तिथं. तिथंच पुढच्या अंगाला केसाएवढी चीर पडली.

मी कुरकुरू लागले. बोलता येत नव्हतं, कुरकुरण्याशिवाय मी दुसरं काय करणार?

बाई मिस्त्रींकडे गेल्या. "सीट वाजते हो."

"स्प्रिंग वाजतीया," म्हणून मिस्त्रींनी स्प्रिंगांना तेल दिलं. दोन दिवस मी गप्प झाले, मग पुन्हा सुरू. बाईंना त्या आवाजाची सवय झाली.

जानेवारी १९९६. लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजायचा दिवस होता. बाईंनी सकाळीच बर्फाची निळी पेटी मागच्या कॅरिअरला बांधली. खरातवस्तीवरची एकतीस मुलं त्यांच्या यादीत होती. मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून त्यांनी कालव्याच्या कडेची कच्ची वाट धरली. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. माणूस नाही, काणूस नाही.

शेताला पाणी नेणाऱ्या एका चारीपाशी पुढचं चाक खड्ड्यात गेलं. मी मागं वाकले आणि या वेळी सरळ झाले नाही. कट्कन आवाज झाला. बाई मागं कोसळल्या. चौकटीत राहिलेल्या माझ्या खालच्या तुकड्याचं दातेरी तोंड त्यांच्या मांडीत शिरलं. मी सीटसकट बाजूला फेकले गेले.

बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मग कोपरांवर सरकत त्या आधी पेटीपाशी गेल्या. पेटी सुटून कालव्याच्या उतारावर अडकली होती. झाकण घट्ट आहे हे बघितलं, पेटी उसाच्या सावलीला ओढली आणि मगच स्वतःच्या पायाकडं बघितलं. पिशवीतली पट्टी काढून मांडी आवळून बांधली. उठायला गेल्या, पण खुबा साथ देईना.

त्यांनी हाका मारल्या. कालव्याचं पाणी तेवढं वाहत होतं.

मग त्या माझ्याजवळ आडव्या झाल्या आणि पुटपुटू लागल्या. "गोजरबाईंना वाटणार, मी वस्तीवर आहे. वस्तीला वाटणार, नर्सबाई आल्याच नाहीत. डॉक्टरांना वाटणार..." पुढं त्या थांबल्या. चौथं नाव त्यांना सापडलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुखण्याचं नव्हतं, एवढं मला कळलं. मी हातभर अंतरावर पडले होते, आणि माझ्याइतकं निरुपयोगी त्या वाटेवर दुसरं काही नव्हतं.

तासाभरानं मेंढरांची घंटा ऐकू आली. वस्तीवरचे सोनबा म्हातारे उरलेली दहा-बारा मेंढरं तोडलेल्या उसाच्या वाढ्यांवर चारायला निघाले होते.

"कोन हाय गं? नर्सबाई? आरं द्येवा! उचलू का तुला, लेकी?"

"मला नका उचलू, आबा. हाड मोडलंय बहुतेक. आधी ती पेटी न्या वस्तीवर."

"पेटीत काय सोनं हाय व्हय?"

"बर्फ आहे. तो वितळला तर पोरांचं औषध फुकट जाईल. सावलीत ठेवा, उघडू नका. आणि बैलगाडी पाठवा."

"तुला हितं एकटीला टाकून जाऊ?"

"मला सवय आहे, आबा. जा तुम्ही."

सोनबांनी आपलं घोंगडं त्यांच्या अंगावर घातलं, पेटी डोक्यावर घेतली आणि जमेल तितक्या भराभर निघाले. मेंढरं मात्र तिथंच राहिली, बाईंच्या भोवती.

गाडी यायला आणखी एक तास गेला. गाडीत कडबा पसरलेला होता आणि सारजा नावाची एक तरुण आई बसून आली होती. तिनं बाईंचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. सीट आणि मी, मोडक्या सायकलीसकट गाडीच्या मागच्या टोकाला पडलो होतो. गाडी वस्तीवरून जाताना बाईंनी ती थांबवली. सारजा एकेक मूल वर धरत होती आणि बाई पडल्या पडल्याच त्यांच्या तोंडात दोन-दोन थेंब सोडत होत्या. एकतिसावी सारजाचीच छकुली होती. तिला थेंब दिले, यादीवर खूण केली आणि बाईंची शुद्ध हरपली.

त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं. मांडीला अकरा टाके पडले, खुब्याच्या हाडाला तडा गेला होता.

सायकल हिंदुरावांकडे पोचली. त्यांनी मला उजेडात धरलं. माझ्या मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग तांबूस होता, अर्धा पांढराशुभ्र. तांबूस म्हणजे जुनी चीर, पांढरा म्हणजे त्या दिवशीचा तुटका भाग. जाणत्या माणसाला एवढं पुरे होतं. ते खाली बसले. दुसऱ्या दिवशी मला पिशवीत घालून बारामतीला गेले आणि बाईंच्या खाटेपाशी उभे राहिले.

"बाई, चूक माजी हाय. ही दांडी हलकी हाय, ह्ये मला त्याच दिशी हातात कळलं हुतं. खुणेच्या वर वढली ती बी मीच. पुढं वाजायला लागली, तवा खोलून न बघता तेल दिलं."

बाईंनी मला हातात घेतलं. "हिचा आवाज रोज ऐकत होते, मिस्त्री. मलाही कळायला हवं होतं. आणि ही चमकणारीच द्या, असं म्हणाले ती मीच."

"तुमी म्हनला, पर तुमाला त्यातलं ठावं न्हवतं. मला हुतं."

बाईंनी मला परत मिस्त्रींच्या हातात दिलं, एवढंच.

हिंदुरावांनी मला दुकानातच ठेवलं आणि मग तो काळपट पाइप काढला. वीतभर जास्त लांबीचा कापला, म्हणजे तेवढा चौकटीत राहील. आतून-बाहेरून तेल लावलं, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून वरचं तोंड बंद केलं. खुणेची रेघ त्यांनी करवतीनं चांगली ठळक पाडली. ती दांडी कधीच चमकली नाही. पण पुढच्या हिवाळ्यात बाई थोड्या लंगडत दुकानात आल्या, सायकलवर बसल्या आणि ती कुरकुरली नाही. मला तिचा हेवा वाटला आणि बरंही वाटलं.

बाईंच्या एकटेपणाचं म्हणाल, तर तो एका अपघातानं संपला नाही. सोनबा एकदा दवाखान्यात येऊन गेले, सारजा दोनदा भाकरी घेऊन आली. मग ज्याची त्याची कामं सुरू झाली. गेल्या वर्षी बाईंची इंदापूरकडे बदली झाली. सायकल एसटीच्या टपावर चढली. जाताना त्यांनी दुकानाकडं हात केला, पण तो मिस्त्रींसाठी होता. असायलाच हवा.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. सायकलचा कुठलाही भाग घेताना तो हातात धरा, त्याचं वजन बघा, नळीच्या तोंडाशी धातू किती जाड आहे ते बघा. झळाळीला भुलू नका. कोरलेली खूण शोधा आणि तिच्या वर दांडी ओढू नका. वर्षातून एकदा ती बाहेर काढून आतून पुसा. कुरकुरली तर तेल देऊन तिला गप्प करू नका, थांबून बघा.

आणि तुमच्या ओळखीचं कुणी एकटंच लांबच्या वाटेला निघत असेल, तर त्याला एवढं विचारा, की कुठल्या वाटेनं जाणार आणि कधीपर्यंत येणार. मग त्या वेळेला त्याची वाट बघा. दीड वर्षात सुकन्याबाईंना हे एकदाही कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.